काकांच्या पाठीतली टिकटिक

४ जुलै

...आणि तिथेच पट्टी संपली, म्हणून वाक्य अर्धवट राहिलं, सॉरी मावशी! पुस्तकं कापून उरलेल्या पट्ट्यांवर पत्र लिहायचं ही काकांची आयडिया छान आहे, पण माझं तोंड मोठं आणि कागद चिंचोळा. तर, मी सांगत होते की आमच्या लॅबमध्ये मला शेवटी ती बघायला मिळाली. काकांच्या छातीत बसवलीय ना, अगदी तशीच झडप!

मावशी, ती इतकी छोटी आहे! मोठ्या नाण्याएवढी कडी, आणि आत दोन काळीभोर अर्धचंद्राची पानं, गुळगुळीत. सरांनी तळहातावर दिली तेव्हा मी श्वास रोखून धरला, न जाणो उडून जायची. आमच्याकडे एक मशीन आहे. त्यात ही झडप बसवतात आणि हृदयासारखं पाणी ढकलत राहतात. उघड, मीट, उघड, मीट. आम्ही जेवायला जातो, घरी जातो, सुट्टीवर जातो, ती आपली चालूच. सर म्हणाले, "ही थकणार नाही. आपण थकू." आणि मला एकदम काका आठवले. रापीनं बांधणीचं कातडं तासत बसलेले, आणि आत ही अशी उघडमीट, उघडमीट. अंगावर काटा आला गं.

पण सर आणखी एक म्हणाले. झडप कितीही भारी असली तरी रक्ताला ती परकीच. दिसेल त्या परक्या वस्तूवर गुठळी चढवून तिला झाकून टाकायचं हा रक्ताचा स्वभाव. म्हणून ती गोळी, रोज, कायमची. आणि म्हणून रक्त तपासून तो आयएनआरचा आकडा बघायचा. रक्त गोठायला किती वेळ लावतंय ते त्यावरून कळतं. काकांचा अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा ना? खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. म्हणजे काका तारेवर चालतायत आणि वर पुस्तकंपण बांधतायत!

मला एक सांग. ती वाजते कशी? ज्यांना बसवलीय त्यांना म्हणे स्वतःची टिकटिक ऐकू येते. मला ऐकायचीय!

तुझी भिंगरी


१५ जुलै

चि. भिंगरी,

कशी वाजते हे तू मला विचारतेस? बहिरीला? धन्य आहेस.

तुझं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. किती मोठ्यानं ते मला कळत नाही, पण खालचे छापखानेवाले वर बघायला आले, काय झालं म्हणून. तू मागे मोबाइलवर लिहायला सांगितलंस. तुझे चार शब्द आणि सहा पिवळी तोंडं मला पुरत नाहीत बाई. पत्रच लिही.

आता टिकटिक. हे सकाळी ठेंगण्या स्टुलावर शिलाईला बसतात, माझ्याकडे पाठ करून. मी चहाचा कप ठेवते आणि डाव्या खांद्याच्या फऱ्यापाशी हात टेकते. आतून कुणीतरी नखानं दारावर टकटक करावं तसं लागतं हाताला. ऑपरेशननंतर घरी आले तेव्हा पहिल्यांदा लागलं, मी चटका बसल्यासारखा हात काढला. आता नाही लागलं तर दिवस सुरू होत नाही. तापात कान गेल्यापासून यांचं बोलणं मी ओठांवरून वाचते, पण ऐकू या घरातलं काही येत नाही. एवढी एक गोष्ट येते, तीही यांच्या पाठीतून.

यांना मात्र त्याचा वैताग. गिऱ्हाईक आलं की भिंतीवर घड्याळ शोधतं. हे म्हणतात, "घड्याळ गिळलंय, वेळ विचारू नका."

एक वाईट झालं. जुन्या वाचनालयाचं नकाशांचं पुस्तक आलंय बांधायला, केवढं मोठं, टेबलाबाहेर जातं. त्याचं कातडं तासताना यांचा अंगठा कापला. पूर्वी फुंकर मारून पुढे कामाला लागायचे. आता थांबेचना. फडक्यावर फडकं. आणि एक थेंब नकाशावर पडला, समुद्रात. हे दिवसभर तो डाग टिपत बसले. शेवटी म्हणाले, "खळ पातळ झाली." म्हटलं, कुठली? तर अंगठा दाखवला. रक्ताला खळ म्हणतायत! गोळी म्हणजे खळीत पाणी घालणं, म्हणे. जास्त पातळ झाली तर कागदातून फुटते, घट्ट झाली तर गाठी धरते. जन्मभर खळ ढवळली, आता रक्त ढवळतोय, म्हणतात.

तुला गंमत वाटेल म्हणून लिहिलं.

मावशी


२३ जुलै

मावशी, गंमत? हे जबरदस्त आहे! मी सरांना सांगितलं, ते खुर्चीत मागे रेलून हसले आणि म्हणाले, "तुझ्या काकांना इथे शिकवायला बोलाव." पुस्तकात दहा पानं वाचून मला जे कळलं नाही ते काकांनी एका वाक्यात सांगितलं. पातळ, घट्ट, मधलं जमलेलं. लॅबमधल्या फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय, "रक्त म्हणजे खळ". काका, तुम्ही स्वतः लिहा ना मला! खळ जमली हे तुम्हाला कसं कळतं?

आणि हो, मावशी, त्यांचं रक्त गेलं म्हणून अचानक घमेलंभर पालेभाजी खायला घालू नकोस. पालेभाजीनं त्या गोळीचा जोर कमी होतो. बंद करायची नाही, पण रोज साधारण तेवढीच. डोकं दुखलं म्हणून मनानं दुसरी गोळीही नको. मी आता या विषयातली अर्धी डॉक्टर झालेय, बरं का.

अर्धी डॉक्टर


४ ऑगस्ट

भिंगरी,

तुझी मावशी मला तुझी पत्रं वाचून दाखवते आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जातात. माझा आकडा आता इस्त्रीवाल्यालाही पाठ आहे.

खळीचं विचारलंस. माप नाही. अंगठा आणि बोट यांच्यात घ्यायची, हळूच उघडायची. तार सुटली आणि अलगद तुटली की जमली. हवेत ओल असेल तर पाणी कमी, कोरडी असेल तर जास्त. हात सांगतो. शिकवता येत नाही. माझ्याकडे शिकायला आलेले सगळे मापाचा चमचा मागायचे. मी म्हणायचो, चमच्याला बोटं असतात का?

तुझी ती गोळी पण मी आता तशीच सांभाळतो. हॉस्पिटलात सुई टोचून घ्यायला अर्धा दिवस जातो, आणि नकाशे वाट बघतायत. मधे पातळ झाली होती. आता जमलीय. परवा बोट कापलं, रक्त बघता बघता थांबलं, पूर्वीसारखं. कागद कोरा राहिला. समुद्रातला तो डाग मात्र निघाला नाही. तिथे बेट आहे असं समजा, असं वाचनालयवाल्यांना सांगणार आहे.

शिकत राहा.

काका


१० ऑगस्ट

काका, तुमचं पत्र लॅबमध्ये सगळ्यांनी वाचलं! "चमच्याला बोटं असतात का" हे आता आमच्याकडे म्हणीसारखं चालतं. आणि बोट कापून लगेच थांबलं हे वाचून इतकं बरं वाटलं. तुमची खळ जमली!

एकच काम. शेवटचा आकडा किती आला तेवढा कळवा. मला फळ्यावर लिहायचाय.

भिंगरी


१९ ऑगस्ट

चि. भिंगरी,

यांना आकडा विचारला. म्हणाले, "उत्तम आहे." म्हटलं, उत्तम हा आकडा आहे का? तर स्टूल फिरवून बसले. नकाशांच्या कामात चाचणीला जायचं जरा राहिलंय. पुस्तक एकदा गेलं की मी स्वतः हाताला धरून नेईन.

दमलेत मात्र. काल दोनदा जिन्यात बसले. म्हणतात, जिना उंच झालाय. झोपताना दोन उशा लागतात. काम किती केलं या महिन्यात, अंग बोलणारच.

पण तुला एक आनंदाची गोष्ट सांगते, तुझ्या मशीनवाल्या सरांनाही सांग. ती टकटक मवाळ झालीय. आधी नखासारखी लागायची, आता बोटाच्या पेरासारखी. कपड्याआडून कुणी दार वाजवावं तशी. परवापासून तर हात दाबून धरला तरच लागते. यांनाही रात्री त्रास होत नाही तिचा. लोणचं कसं आधी करकरीत लागतं, मग मुरतं, तशी ती आता यांच्या अंगात मुरली असं वाटतं मला. परकी होती ना? घरची झाली.

मला जरा चुकल्यासारखं होतं सकाळी. पण यांना शांत झोप लागते, तेच बरं.

मावशी


छापखानेवाल्यांनी फोनवरून उतरवून घेतलेला निरोप. पोस्टरच्या मागच्या बाजूला, बोटभर उंच अक्षरांत:

मावशी, भिंगरी बोलतेय. काका फोन उचलत नाहीत. टकटक मवाळ होणं चांगलं नाही. झडप मुरत नसते. तिच्यावर गुठळी चढली असेल. आत्ता, या मिनिटाला हॉस्पिटलात. काकांना जिना चालू देऊ नका, खुर्चीत बसवून खाली उतरवा. छापखान्याची गाडी खाली उभी आहे. ते नाही म्हणतील. ऐकायचं नाही.


२ सप्टेंबर

चि. भिंगरी,

हॉस्पिटलच्या खिडकीपाशी बसून लिहितेय. हे झोपलेत. जिवंत आहेत. तू रोज फोन करून विचारतेस ते मला कळतं, पण नीट सगळं सांगायला मला कागदच लागतो.

तो पोस्टरचा कागद घेऊन छापखानेवाले वर आले तेव्हा हे खळ ढवळत होते. वाचून म्हणाले, "पोरीचं डोकं फिरलंय." मी त्यांच्या हातातली पळी काढून घेतली. लग्नानंतर पहिल्यांदा. खुर्चीसकट उतरवलं त्यांना, छापखान्यातल्या दोघांनी. खाली येईपर्यंत ओठ निळे दिसत होते. कागदाच्या गठ्ठ्यांच्या गाडीत बसून आलो.

डॉक्टरबाईंनी मला सोनोग्राफीचा पडदा दाखवला. भिंगरी, मी ती बघितली. आत, चालू हृदयात. दोन पानं ना? एक फडफडत होतं. दुसरं गप्प, खळ लागून चिकटलेल्या पानासारखं. आणि तरी ते एकटं पान सगळ्या देहाचं रक्त पुढे जाऊ देत होतं. कितीतरी दिवस, जिन्यावरून, नकाशांवरून. मला त्या पानाच्या पाया पडावंसं वाटलं.

बाई म्हणाल्या, गुठळी विरघळवायचं औषध शिरेतून सोडायचं. पण ते औषध डोक्यात रक्तस्रावही करू शकतं. नाहीतर पुन्हा छाती उघडायची. कागदावर लिहून विचारलं मला. मी सही केली आणि हात धुतले, का कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सनं मला खुणेनं विचारलं, बसायचंय का जवळ? यांना कुशीवर केलं होतं. मी फऱ्यापाशी हात ठेवला. काही नाही. नुसती ऊब. हात काढला नाही. मग काहीतरी हललं, मऊ, लांब. मग पुन्हा काही नाही. नर्स बाटली बदलून गेली. आणि मग, भिंगरी, नख. एकदम नख! टक. टक. मी ओरडले, "आली!" किती मोठ्यानं ते नर्सच्या तोंडावरून कळलं. बाकीच्या खाटांवरची माणसं उठून बसली. बाई धावत आल्या, पुन्हा सोनोग्राफी लावली. दोन्ही पानं उघडत होती.

मग यांनी बाईंना सांगितलं. अंगठा कापला आणि रक्त वाहिलं की गोळीला सुट्टी. चटकन थांबलं तरी आणखी सुट्टी, जमलीय ना म्हणून. सगळं अंगठा-बोट हलवून दाखवत होते. मला वाटलं बाई झाडतील. त्या लक्ष देऊन बघत होत्या. मग मला वाचता यावं म्हणून लिहून म्हणाल्या, "खळीत पाणी घातलं की लगेच बोटाला कळतं. या गोळीचं तसं नाही. आज घेतलेली दोन-तीन दिवसांनी बोलते. आज सोडलेलीही तशीच. आणि जखम कधी खोल असते, कधी वरवर. तुमचं बोट खोटं बोलत नाही हो, पण त्याला हे दिसतच नाही."

हे बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

मीही माझ्या हाताकडे बघते अधूनमधून. त्याला बरोबर कळलं होतं. मीच आनंदाची बातमी म्हणून लिहिलं तुला.

मावशी


९ सप्टेंबर

भिंगरी,

घरी आलो. खुर्चीवरून नाही, पायांनी. रोज संध्याकाळी गोळी, आणि ठरलेल्या दिवशी चाचणी. मनानं काही नाही. तुझ्या मावशीनं पळी परत दिलेली नाही, मागून घ्यावी लागते.

फळ्यावरचं ते वाक्य पुसून टाक. रक्त म्हणजे खळ नाही. खळ आपण करतो. हे कुणी केलंय ते मला माहीत नाही, पण माझ्यापेक्षा बरा कारागीर आहे.

ती टिकटिक पुन्हा मोठी झालीय. झोप येत नाही. पडल्या पडल्या ऐकतो. सरांना एक विचार, ती खरंच थकत नाही का?

काका


२७ सप्टेंबर

मावशी,

तुमच्याकडून परत आल्यापासून हे पत्र लिहायचं म्हणतेय आणि दर वेळी कामाला लागते, कारण लिहायला बसले की मला ती सकाळच दिसते. काका स्टुलावर, समोर ते नकाशांचं पुस्तक, तयार, कण्यावर नवं कातडं. तू माझा हात धरून त्यांच्या पाठीवर ठेवलास. टक. टक. मी मशीनमध्ये ही झडप किती वेळा बघितलीय मावशी, मोजमापं पाठ आहेत मला. पण हाताला लागली ना, तेव्हा मला रडूच फुटलं, आणि काका म्हणाले, "पुस्तकावर नको, समुद्रात आधीच एक बेट झालंय."

फळा पुसला. सरांनी विचारलं, का? म्हटलं, काकांचं करेक्शन आलं. उपमा इतकी आवडली मला, की बोटाचं रक्त लगेच थांबलं हे वाचून मी टाळ्या पिटल्या. तेव्हाच विचारायला हवं होतं, काका, गोळी घेताय ना? आता फळ्यावर काही लिहिलं नाहीये. सुचत नाही. काकांचा प्रश्न सरांना विचारला, तर ते म्हणाले, "ती नाही थकत. तिला सांभाळणारे थकतात. त्यांना सांग, थकू नका."

आता खरं काम. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं ते घरचं मीटर आठवतं? बोटाला टोचायचं, एक थेंब पट्टीवर, आणि आकडा समोर. गोळी किती घ्यायची ते तरीही बाईच ठरवणार, पण आकडा घरच्या घरी कळेल. काकांनी तुझ्यासमोर ताडकन नाही म्हटलं. "बोटं कामाची आहेत, टोचायला नाहीत." तुला वाटलं, पुन्हा हट्ट. मलाही तसंच वाटलं.

पण निघताना ते मला खालपर्यंत सोडायला आले, जिना एकदाही न थांबता. छापखान्याच्या दारात उभं राहून हळू आवाजात बोलले, तू वर होतीस आणि तुला ऐकू येत नाही तरीही! म्हणाले, "मशीन आलं की आकडा बघेल ती. मग सकाळी पाठीवर हात ठेवायला कशाला येईल?"

हे तुला सांगू नको असं ते म्हणाले नव्हते. म्हणजे म्हणाले असतील, पण गाडीचा आवाज होता.

तर मावशी, तूच सांग. मीटर आणू की नको?

भिंगरी